आधी घुशी, मग इंजिन

पत्र : आमच्या मळ्यात विहिरीशेजारी जुनी इंजिनखोली आहे. तिच्यात सासऱ्यांच्या काळातलं ऑइल इंजिन आणि त्यावर पट्ट्याने चालणारा उसाचा लहान चरक आहे. विजेची मोटर आल्यापासून दोन्ही बंद. इंजिनाची दोन मोठी चाकं आता हलतसुद्धा नाहीत. नावाची पट्टी झिजली आहे, ‘६५०’ एवढाच आकडा वाचता येतो. खोलीत घुशींनी थैमान घातलंय. इंजिनाच्या कट्ट्याखाली हात जाईल एवढी बिळं आहेत आणि कट्टा एका अंगाला खचलाय. खोलीची भिंत शेरडांच्या गोठ्याला लागून आहे. शेजारच्या खोडव्यात उसाचे बुडखे कुरतडलेले दिसतात. मला दिवाळीनंतर घरच्यापुरतं आणि थोडं विकण्यापुरतं गुऱ्हाळ लावायचंय. मालक म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाकू. मामंजी म्हणतात, मशीन विकायचं नाही. दुकानदार म्हणतो, बिळात गोळ्या टाका. दीर म्हणतात, बिळात पेट्रोल ओतून काडी लावू आणि चाकं ट्रॅक्टरने ओढून सोडवू. काय करावं?
– एक वाचक भगिनी, ता. पन्हाळा

ताई,

पहिल्यांदा दिरांच्या हातातली काडेपेटी काढून घ्या आणि ट्रॅक्टर आहे तिथेच उभा राहू द्या. बाकीचं सावकाश बोलू. ऐन वैशाखात तुमचं पत्र आलंय आणि गुऱ्हाळ दिवाळीनंतर लावायचंय, म्हणजे हाताशी पाच-सहा महिने आहेत. तेवढ्यात दोन्ही कामं होतात, क्रम मात्र चुकवू नका. समजा, चाकं उद्या सुटली आणि परवा इंजिन त्या खचलेल्या कट्ट्यावर धडधडायला लागलं. आठवड्याच्या आत फाउंडेशन बोल्ट सैल होतील, आणि बिडाचा पाय एकदा तडकला की भंगारवाला न बोलावता दारात येईल. म्हणून आधी घुशी, मग कट्टा, मग इंजिन.

शेतात बीळ करणारा प्रत्येक प्राणी घूस नसतो. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ताजा उकीर आणि तोंड आतून मातीने बुजवलेलं असेल तर ती बहुतेक घूसच. तोंड उघडं, कडा गुळगुळीत आणि उकीर नावापुरता असेल तर शेतातले दुसरे उंदीर समजा. घूस बिळात साठा करते. भाताच्या किंवा भुईमुगाच्या रानालगतचं बीळ सुगीनंतर खणलं तर आतल्या कप्प्यात लोंब्या आणि शेंगा रचून ठेवलेल्या सापडतात. तिची गाभण मुदत जेमतेम तीन आठवडे आणि एका वेतात सहा-आठ पिल्लं. तेव्हा आज मारलेली एक मादी भाद्रपदातल्या दहांच्या बरोबरीची असते. वैशाखात रानं मोकळी असतात, बांध उघडे असतात, खायला कमी असतं आणि आमिष घ्यायला उंदीर तयार असतात. मिरगाचा पाऊस एकदा सुरू झाला की ओलीमुळे आमिष फुकट जातं आणि गवतात बिळं दिसेनाशी होतात.

बिळात हात घालायचा नाही, काठीसुद्धा आधी बाहेरून आपटून मग घालायची. सोडून दिलेल्या बिळात नाग, घोणस कोणीही राहायला आलेलं असू शकतं. तुमच्या भागात हे मी वेगळं सांगायला नको, पण पत्रातल्या ‘हात जाईल एवढी बिळं’ या शब्दांनी मला धास्ती वाटली.

आता मोजणी. एका संध्याकाळी खोलीतली, खोलीभोवतीची आणि बांधावरची सगळी बिळं ओल्या मातीने लिंपून टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरून उघडलेली दिसतील तेवढीच चालू बिळं. त्यांच्याशेजारी काटकी रोवून वर फडक्याची चिंधी बांधा. पाहायला पंचवीस-तीस तोंडं दिसतात आणि चालू त्यातली पाच-सात निघतात, कारण एकाच घुशीच्या बिळाला बरीच तोंडं असतात. ही एक पायरी गाळल्यामुळे लोक दुप्पट-चौपट औषध वाया घालवतात.

त्याच वेळी खोली रिकामी करा. बंद इंजिनखोली म्हणजे अडगळीची जागा, आणि तिथे पेंडीचं पोतं, मक्याची कणसं, जुनी चिपाडं, फाटके बारदान यांतलं काहीतरी हमखास असणार. खाणं आणि पोतेऱ्याचं घरटं दोन्ही तिथल्या तिथे मिळत असेल तर कुठल्याही आमिषाकडे घूस ढुंकून बघणार नाही. आवरताना पायात गमबूट, हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं. कोरडं झाडू नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून अर्धा तास थांबा, मग केर काढा. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि तो हातापायाच्या जखमेतून शिरतो. पुढच्या पंधरवड्यात घरात कोणाला थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर ‘इंजिनखोली साफ केली होती’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत.

दुकानदाराच्या गोळ्यांबद्दल माझं मत कडक आहे. तो बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल बोलतोय, ज्यांना गावात सरसकट ‘सल्फास’ म्हणतात. ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. या औषधाच्या वापरावर कायद्याने बंधन आहे, ते शेतकऱ्याने दुकानातून आणून स्वतः वापरायचं नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या खोलीची भिंत गोठ्याला लागून आहे. बीळ कुठून कुठे गेलंय कोणाला दिसतं? वायू भेगेतून पलीकडे गेला तर सकाळी शेरडं आडवी पडलेली दिसतील, आणि गोठ्यात राखणीला कोणी झोपलं असेल तर पुढचं लिहवत नाही. दुकानदाराला एवढंच सांगा की ते औषध नको.

पेट्रोलचं तर बोलायलाच नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. खोलीत जुन्या डिझेलची टाकी, तेलकट चिंध्या, बाहेर वैशाखाचं वाळलेलं पाचट. बिळातली घूस दुसऱ्या तोंडाने निघून जाईल. काही ठिकाणी लोक बांधाला विजेची उघडी तार लावतात. त्यात घुशीऐवजी माणसं मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

मग काय वापरायचं? झिंक फॉस्फाइड, पण सबुरीने. घूस महासंशयी. नवीन वस्तू दिसली की पहिले दोन दिवस लांबूनच जाते. थोडं चाखून पोटात दुखलं तर तो वास ती पुन्हा जवळ करत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्या : ज्वारीची किंवा गव्हाची भरड, तिला थोडं गोडं तेल चोळून, प्रत्येक चालू बिळात चमचाभर. तेच खाणं रोज येतंय अशी सवय लागली की चौथ्या दिवशी विषारी आमिष. प्रमाण साधारण ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाइडची पूड. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर पाकिटाचं ऐका. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, काठीने कालवायचं. हाताने नाही, आणि घरातल्या परातीत तर मुळीच नाही. भांडं आणि काठी कामानंतर खोल पुरा. कागदाच्या पुडीत १० ग्रॅम घालून काठीने बिळात आत ढकला आणि तोंड मातीने बंद करा. उघड्यावर एक दाणा सांडता कामा नये, मळ्यात कोंबड्या आणि मोर दोन्ही फिरत असतात.

हे औषध हंगामात एकदाच. उरलेल्या घुशी त्याला शिवणार नाहीत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा सगळी बिळं लिंपा, जी उघडतील त्यांत ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनची तयार वडी टाका. त्याने रक्त गोठणं थांबतं, घूस चार-सहा दिवसांनी मरते आणि आपण काय खाल्लं याची तिला शंका येत नाही. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून हातभर खोल पुरा, कुत्र्यामांजरांच्या तोंडी पडू देऊ नका. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ आहे. लहान मूल, माणूस, जनावर कोणाच्याही पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी मीठ-पाणी, दूध, अंडं करत बसू नका. पाकीट बरोबर घ्या आणि सरळ मोठा दवाखाना गाठा. माणसासाठी १०८.

रान तुमचं, बांध दोघांचा आणि घूस सगळ्यांची. तुम्ही एकट्यांनी साफ केलं तर महिन्याभरात शेजारच्या बांधावरच्या घुशी रिकाम्या बिळात मुक्कामाला येतील. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) गाठा, आजूबाजूचे चार-सहा मळे एकाच आठवड्यात करा. खोडव्यातलं गवत आणि लोळलेला ऊस हे त्यांचं छप्पर असतं, म्हणून बांध तासून अरुंद करा आणि ऊस लोळू नये म्हणून भर नीट लावा. तोड चालू असताना बघा, फड संपत आला की शेवटच्या तीन-चार सऱ्यांत उंदीर गोळा होतात. तोडकऱ्यांची कुत्री हे बरोबर ओळखतात.

आणखी एक. खोलीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी असेल तर तिला हुसकावू नका. खाली जमिनीवर अंगठ्याएवढे करडे, केसाळ गोळे पडलेले दिसतील. पाण्यात भिजवून सुईने सोडवले तर आत उंदरांच्या कवट्या आणि पिवळे दात निघतात. घरातल्या पोरांना दाखवा. लोक घुबडाला अशुभ म्हणतात, धामणीला गाईचे पाय बांधून दूध पिणारी म्हणतात, आणि दोघांना मारून मग दुकानात उंदराचं औषध मागायला जातात. दोघंही १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. घुबड वावरत असेल तर ब्रोमॅडिओलोन शक्यतो टाळा, ते खाल्लेला सुस्त उंदीर घुबडाच्या पोटात गेला तर त्यालाही बाधतो. अशा वेळी उरलेल्या घुशींना पिंजरे लावा, आत सुकं खोबरं किंवा भजं. उसात घुबडाचा उपयोग मर्यादित, दाट फडात त्याला झेप घेता येत नाही. भुईमूग, भाजीपाला आणि बांधांवर मात्र ते खरं काम करतं.

घुशी गेल्या याची खात्री पटली, म्हणजे लिंपलेलं एकही तोंड आठवडाभर उघडलं नाही, की कट्ट्याकडे वळा. बिळात काचा कोंबायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ऐकू नका. घूस बाजूने नवी वाट काढते आणि पुढे खणताना काचा तुमच्याच हाताला लागतात. तुमचा कट्टा खचलाय, तेव्हा वरून सिमेंट ओतूनही भागणार नाही. तिकाटणं उभं करून चेन पुलीने इंजिन उचला, जुना कट्टा फोडा आणि घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा. पोकळ जागा मुरूम आणि खडीने थराथराने धुमसून भरा. मग सिमेंट, वाळू, खडी १:२:४ असं काँक्रीट. इंजिनाच्या पायांच्या भोकांचा फळीवर साचा काढून घ्या आणि बोल्टच्या जागी खाचा सोडा. इंजिन बसवून, पाणसळ दोन्ही अंगांनी लावून, मग बोल्टच्या खाचा सिमेंटने भरा. दोन आठवडे तरी पाणी मारा. खोलीच्या भिंतीला बाहेरून पाव इंच भोकांची जाड जाळी दीड-दोन फूट खोल पुरा आणि तळाला ती बाहेरच्या बाजूला फूटभर वळवा. घूस भिंतीलगत खणत खाली येते, आडवी जाळी लागली की अडते. दरवाजाच्या खालच्या फटीला पत्रा मारा.

आता मामंजींचं मशीन.

‘६५०’ हा आकडा आणि दोन मोठी चाकं यांवरून मला वाटतं, ते लिस्टर बांधणीचं सहा घोड्यांचं इंजिन आहे. मूळ इंजिन इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ मध्ये आणलं, पाच घोडे आणि मिनिटाला ६०० फेरे. पुढे सहा घोडे आणि ६५० फेरे झाले. त्याच बांधणीची इंजिनं राजकोटला वर्षानुवर्षं बनत आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही ऑइल इंजिनांचा धंदा एके काळी जोरात होता, त्यामुळे तुमचं मशीन कदाचित तीस किलोमीटरच्या आतच जन्मलेलं असेल. खात्री करायची तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढल्यावर सिलिंडरचा आतला व्यास मोजा. साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर भरला तर माझा अंदाज बरोबर, आणि रिंगा, नोझल, गॅस्केट, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) सगळं अजून मिळतं. कितीतरी नव्या इंजिनांचे भाग दहा वर्षांत मिळेनासे होतात, त्यामानाने हे म्हातारं भाग्यवान.

चाकं अडकली म्हणजे बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला चिकटलेल्या असतात. ट्रॅक्टरने ओढलं तर चिकटलेली रिंग सुटेलच असं नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकेल किंवा चाकाचा आरा तुटेल. इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढा आणि त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं ओता. वाटीभर पुरे. दोन दिवसांनी पाहा, पातळी उतरली असेल तर पुन्हा भरा. रोज एकदा चाकाला हाताने पुढे, मग मागे, असा झोका द्या. जोर नको, झोका. एखाद्या दिवशी करंगळीएवढं हलेल. त्या दिवशी पुढे रेटायचं नाही. जेवढं पुढे गेलं तेवढं मागे आणायचं, पुन्हा तेल. दोन-तीन आठवड्यांतही काहीच हललं नाही तर हेड उतरवा, पिस्टनच्या डोक्यावर बाभळीचा ठोकळा ठेवून त्यावर हळू ठोका. लोखंड लोखंडावर मारायचं नाही.

हेड उतरवलंत तर पाण्याच्या वाटा बघा. विहिरीचं पाणी जड असेल तर आत पांढरा, दगडासारखा थर बसलेला असतो आणि अर्धी वाट बुजलेली असते. अशी इंजिनं तापतात आणि इंजिनवाले दोष तेलाला देतात. थर खरवडून, सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन काढा. जुनं गॅस्केट आणि सायलेन्सरवर गुंडाळलेली पांढरी दोरी मात्र कोरडी घासू नका. जुन्या काळात त्यात ॲस्बेस्टॉस असायचं. भिजवून काढा आणि पिशवीत बांधून पुरा.

आता घुशींनी इंजिनात काय करून ठेवलंय ते शोधा. सायलेन्सर आणि हवेची नळी दोन्ही काढून उन्हात धरा आणि आरपार दिसतंय का बघा. बंद इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये बारदानाच्या दशा, केस आणि ज्वारीची टरफलं यांचा घट्ट बोळा असतोच. तो तसाच राहिला तर इंजिन सुरू होणार नाही, झालं तर ठिणगी घेऊन बोळा बाहेर येईल, आणि बाहेर पाचट आहे. खालच्या पेटीचं दार उघडा. तेलाचा चिकट काळा गाळ, पाणी, उंदराच्या लेंड्या जे असेल ते खरवडून, डिझेलने धुऊन, नवं ३० किंवा ४० ग्रेडचं तेल खुणेपर्यंत भरा. या बांधणीत रॉडच्या टोकाचा चमचा तेलात बुडून शिंतोडे उडवतो, त्यावरच सगळ्याला तेल मिळतं. पातळी बोटभर कमी म्हणजे बेअरिंग कोरडं.

चाकं नीट तपासा, कारण जीव घेणारी वस्तू तीच. आऱ्यांच्या मुळाशी आणि ते जिथे एकत्र येतात त्या मधल्या बोशीजवळ डिझेल लावा, कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. चीर असेल तर थोड्या वेळाने पांढऱ्यावर बारीक ओली रेघ उमटते. रेघ उमटली तर ते चाक संपलं, बीड वेल्डिंग करून फिरवायच्या भानगडीत पडू नका. चाकाची चावी, म्हणजे चाक दांड्यावर घट्ट धरणारी पाचर, खुळखुळत असेल तर नवी घडवून घ्या.

डिझेलची टाकी धुऊन नवं डिझेल, नवा फिल्टर, मग पंपापर्यंतची हवा काढा. नोझलचा फवारा तपासताना बोट समोर नेऊ नका. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो, वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोट सडतं.

सुरू करायच्या दिवशी पट्टा काढलेला असावा. चाकं सोडवायला ओतलेलं तेल सिलिंडरमध्ये साचलेलं असतं, म्हणून इंजेक्टर काढूनच आधी दहा-वीस फेरे फिरवा आणि ते बाहेर येऊ द्या. नाहीतर पिस्टन तेलावर आपटून रॉड वाकतो, किंवा इंजिन त्या तेलावरच धावत सुटतं आणि डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. तेवढ्यासाठी एक गुळगुळीत फळी हातात तयार ठेवा, वेळ आली तर हवेच्या तोंडावर दाबून धरायला. चाकांच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. हँडल मारताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढा द्यायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर अंगठा तुटतो. लुगड्याचा पदर, उपरणं, ओढणी कमरेला खोचलेली.

हँडल दिरांना मारू द्या. दम त्यांच्याकडे आहे आणि ट्रॅक्टरचा उत्साह कुठेतरी जिरायला हवा. हुकूम मात्र मामंजींचा चालू द्या. हेडच्या बाजूला एखादं लहान चाक असेल तर ते सुरू करताना आत घट्ट असतं आणि भार आल्यावर सैल करतात, हे पुस्तकातलं झालं. तुमच्या इंजिनाला ते किती आटे लागायचं, डी-कॉम्पचा, म्हणजे सुरू करताना सिलिंडरमधला दाब मोकळा ठेवणारा, खटका कितव्या फेऱ्याला सोडायचा, थंडीत काय करावं लागायचं, हे फक्त त्यांना माहीत आहे. आज वही घेऊन बसा आणि लिहून घ्या. इंजिन थांबू शकेल, त्यांचं वय थांबणार नाही.

चरकाचं काम त्यामानाने सोपं. रोलर चिकटले असतील तर तेच तेल, तोच झोका. बुश झिजले असतील तर रोलर एका अंगाला झुकतात आणि ऊस अर्धा कोरडा, अर्धा रसाळ बाहेर पडतो. बाकी सांगाड्याला रेड ऑक्साइड लावा, पण रस ज्या ज्या जागेला शिवतो तिथे कुठलाही रंग नको आणि वरच्या बेअरिंगचं ग्रीस रसात गळणार नाही अशी पन्हळ करा. इंजिनाची आणि चरकाची पुली एका दोरीत आली पाहिजे. दोन्ही पुल्यांच्या कडांना दोरी ताणून लावा, चारही ठिकाणी टेकली तर पट्टा घसरणार नाही. पट्ट्याला आणि चरकाच्या दातांना जाळीचं झाकण घाला. ऊस घालणाऱ्याचा हात रोलरपर्यंत पोचणारच नाही एवढा लांब हौदा करा. चरकावर हात गेलेली माणसं तुमच्या तालुक्यात तुम्हालाही माहीत असतील.

मालकांचा प्रश्न खर्चाचा आहे, आणि तो वेडा नाही. हे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण दीड लिटर डिझेल खाईल. रोज पाणी उपसायला ते परवडत नाही, तिथे मोटरच हवी. सहा घोड्यांवर आजच्या मोठ्या गुऱ्हाळघराचा चरकही ओढत नाही. पण टनभर उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. घरच्यापुरतं आणि ओळखीच्या पन्नास घरांपुरतं करायचं असेल, तर हंगामातले थोडे दिवस चालणाऱ्या इंजिनाला डिझेलचा बोजा जड नाही. वीज रात्री येते की दिवसा याचीही वाट पाहावी लागत नाही. मालकांना सांगा, कट्ट्याचा खर्च खोली वापरायची तर तसाही करावाच लागणार आहे. हेड उतरवून, लायनर मोजून, चाकांची खडूची परीक्षा होईपर्यंत भंगाराचा निर्णय तहकूब ठेवा. चाकात चीर निघाली किंवा क्रँकच वाकलेला असला तर मी स्वतः म्हणेन, चरक ठेवा, त्याला मोटर लावा आणि इंजिन मामंजींच्या डोळ्यांसमोर राहील असं अंगणात उभं करा.

सिलिंडरचं माप, हेडवर लहान चाक आहे की नाही आणि नोझलवरचा नंबर एवढं पुढच्या पत्रात कळवा. रिंगा घेण्याआधी लायनर वरपासून खालपर्यंत तीन ठिकाणी, आडवं आणि उभं मोजून घ्या. वरच्या टोकाला पायरी लागली असेल तर नुसत्या रिंगा बदलून पैसे घालवू नका, लायनर आणि पिस्टन जोडीनेच घ्या.